चिमट्याचे पाय

तिसऱ्या दिवशीही चिमट्याचे पाय वाकलेलेच निघाले.

मी खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा नीट पाहिलं. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांचा चिमटा, आणि त्याचे दोन्ही पाय टोकाशी किंचित आत झुकलेले. सवय नसलेल्या डोळ्याला ते कळलंही नसतं. पण गेले दोन महिने मी दुसरं काही केलंच नव्हतं. वाकड्या रेघा सरळ करायच्या, अंड्यासारखी झालेली वर्तुळं गोल करायची, न जुळणारे कोपरे जुळवायचे. हा चिमटा मी परवा सरळ केला होता, काल सकाळीही केला होता, आणि दोन्ही वेळा आठवणीने सेव्ह केला होता.

"विलासराव, माझ्या लॅपटॉपला कुणी हात लावला होता का?"

विलास कुंभार डिस्पॅचचं काम बघायचा. त्याचं टेबल माझ्या टेबलाला लागूनच होतं. चलनावरून डोळे न उचलता तो म्हणाला, "आमास्नी कुठं येतंय ते, मॅडम. आमी आपलं पेनवालं."

त्याच्या मेहुण्याने माझ्या जागेसाठी अर्ज केला होता, हे मला आल्या आल्याच कळलं होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बावीस वर्षांची होते आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कोल्हापूरजवळच्या एका लहानशा फाउंड्रीत लागले होते. 'पोरीची जात आणि लोखंडाच्या भट्टीवर?' म्हणून वडिलांनी अबोला धरला होता. नोकरी सहा महिने कच्ची होती. पक्की झाली नाही तर घरी स्थळांची यादी तयारच होती आणि मला तिच्यातलं एकही नाव ऐकायचं नव्हतं.

फाउंड्रीत बिडाचे सुटे भाग ओतायचे. ओतायचं म्हणजे आधी त्या भागाचा नमुना करायचा, त्याला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबून काढून घेतला की त्याच्या आकाराची पोकळी उरते, आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. अडतीस वर्षं तिथले सगळे पॅटर्न सागवानात घडवले होते गुंडू सुतारांनी. सगळे त्यांना गुंडू मेस्त्री म्हणायचे. थोरले मालक वारले, पुण्याहून शिकून आलेले धाकटे मालक राजवर्धन मगदूम खुर्चीवर बसले आणि त्यांनी ठरवलं, आता लाकूड बंद. कॉम्प्युटरवर आकृती काढायची, फाइल पुण्याला पाठवायची, तिथलं मशीन ॲल्युमिनियमचा पॅटर्न कापून देईल. आकृत्या काढायला मला घेतलं. मेस्त्रींना अजून घरी पाठवलं नव्हतं, इतकंच.

सुरुवातीला मी मेस्त्रींचे जुने पॅटर्न मोजून त्यांची मापं लॅपटॉपवर चढवली. आकृती दरवेळी वाकडी यायची. कुठे वर्तुळ लांबट, कुठे पट्टी मध्येच फुगलेली. ट्रॅक्टरला लागणारा इंग्रजी यू अक्षरासारखा एक भाग होता, त्याला सगळे चिमटा म्हणत. त्याचे पाय आत झुकलेले. धाकट्या मालकांनी पडद्याकडे बघून विचारलं, "हे असं वाकडं का?"

"लाकूड आहे सर, जुनं झालं की वाकतं."

"मग सगळं सरळ करून घे."

दाराशी उभे असलेले मेस्त्री म्हणाले, "लाकूड वाकलेलं न्हाई. मुरलेला सागवान हाय. ते असंच असतंय."

"असंच म्हणजे कसं, मेस्त्री?"

"म्हंजे... असंच."

धाकटे मालक हसले. "वाकडं करायचं आणि वर असंच म्हणायचं, हे बरं आहे की. ह्या यंत्राला ह्यापुढे फक्त चौगले हात लावेल."

चौगले म्हणजे मी, सुनेत्रा चौगले. मला त्या वेळी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग एका नव्या गिऱ्हाइकाने मोठा चिमटा मागितला, पाय जुन्याच्या दीडपट लांब. त्याचा लाकडी पॅटर्न करायचाच नव्हता. माझी फाइल शनिवारी पुण्याला जाणार आणि तिच्यावरून थेट पॅटर्न कापला जाणार, मधे कुणाचाही हात नाही. "हा जमला की तू पक्की," धाकटे मालक म्हणाले होते. नाही जमला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नेमके ह्याच चिमट्याचे पाय कुणीतरी रोज वाकवत होतं.

त्या बुधवारी मी पाय पुन्हा सरळ केले आणि लॅपटॉपला पासवर्ड घातला. गुरुवारी सकाळी बघते तर पाय आत.

संशयाला एकदा घरात घेतलं की तो थेट पाटावर जाऊन बसतो. विलास फोनवर हळू बोलला की मला वाटायचं, मेहुण्याशीच बोलतोय. तो टेबलावरून उठला की मी त्याच्या चपलांचा आवाज ऐकत बसायची. मेस्त्रींचाही मला जाच व्हायचा, पण तो वेगळा. त्यांचं सुतारकाम बंद झालं होतं, त्यामुळे चहाचा ग्लास घेऊन ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे, अर्धा अर्धा तास. पडद्याकडे कमी आणि माझ्या बोटांकडे जास्त बघायचे.

"ही रेघ धरून वडली की वडती व्हय?" एकदा त्यांनी विचारलं होतं.

"हो. टोकाला निळा ठिपका येतो ना, तो धरायचा."

"आणि सोडली की तिथंच ऱ्हाती?"

"सेव्ह केली तर राहते. हे बटण."

"आसं," म्हणून ते ग्लास विसळायला गेले होते.

इतकं सगळं मी स्वतःच्या तोंडाने सांगूनही माझा संशय त्यांच्यावर गेला नाही. त्यांना इंग्रजीचं अक्षर वाचता येत नव्हतं आणि त्या यंत्राशी त्यांचं जमेल असं मला वाटलंच नव्हतं. विलासला मी चोर समजत होते, ह्यांना तेवढ्याही लायकीचं समजत नव्हते.

गुरुवारी मला एक सुचलं. फाइल शेवटची कधी सेव्ह झाली, ती वेळ लॅपटॉप लिहून ठेवतो. बघितली तर आदल्या दिवशीची एक वाजून बावीस मिनिटं. जेवणाची सुट्टी! मी तेव्हा मागच्या शेडमध्ये कोअर शॉपमधल्या बायकांबरोबर डबा खायची आणि ऑफिस मोकळं असायचं.

त्या दुपारी डबा उघडून मी नुसतीच बसले. माझ्या शेजारी आक्काताई बसायच्या. वाळूचे कोअर, म्हणजे साच्यात बसवायचे गाभे, करून करून त्यांचे हात खरबरीत झाले होते आणि फाउंड्रीतली कुठलीही बातमी आधी त्यांच्याकडे यायची.

"आक्काताई, विलासराव कुठे जेवतात हो?"

"त्यो काय, लिंबाखाली. रोजच असतोय तिथं." खरंच तो समोर लिंबाखाली बसून मिरची चावत होता.

"मग सुट्टीत इकडे कोण नसतं?"

"गुंडू मेस्त्री. आठ दिस झालं बघा, डबा जसाच्या तसा घरी नेत्यात. म्हाताऱ्यानं मनाला लावून घेतलंय."

मी हात धुतले आणि ऑफिसच्या मागच्या खिडकीशी गेले.

मेस्त्री माझ्या खुर्चीवर बसले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, तोंड अर्धवट उघडं. उजव्या हातात माउस होता आणि तो हलू नये म्हणून डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट घट्ट धरलं होतं. पडद्यावर माझा चिमटा होता. निळा ठिपका पकडून ते पायाचं टोक इतक्या सावकाश आत ओढत होते की मला श्वास रोखून बघावं लागलं. मग मान मागे घेऊन, एक डोळा मिटून त्यांनी ते टोक निरखलं आणि आणखी केसभर ओढलं.

सगळं मला लख्ख कळलं. म्हणजे मला तसं वाटलं. पुण्याहून पॅटर्न वाकडा यावा, कॉम्प्युटरची फजिती व्हावी आणि मालकांनी पुन्हा सागवान आणावा, हा डाव होता. आणि त्या डावात बळी माझा जाणार होता. मी आत जाऊन त्यांना एकटीने विचारू शकले असते. मी सरळ मालकांच्या केबिनकडे चालू लागले.

आम्ही दोघं आत शिरलो तेव्हा मेस्त्री उठून उभे राहिले. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"मेस्त्री, हे काय चाललंय?" धाकट्या मालकांनी विचारलं.

"पाय आत घ्यायलोय."

"तुम्हाला पासवर्ड कुणी दिला?"

"कुणी न्हाई. हिची बोटं बघितली, कुठनं कुठं जात्यात ती."

"चार महिने तुम्हाला बसवून ठेवलं, त्याचे हे पांग फेडलेत? कशासाठी वाकवताय तो?"

मेस्त्रींनी दोन्ही हात पुढे धरले, तळवे एकमेकांसमोर. ते तसेच हवेत राहिले. "बाहीर जात्यात," ते म्हणाले. "वतल्यावर. पाय बाहीर जात्यात, मालक."

"का जातील?"

"जात्यात." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "थोरल्या मालकांनी मला कवा इचारलं न्हाई. तुमी इचारलासा, तर सांगता येईना झालंय बघा."

धाकटे मालक माझ्याकडे वळले. "चौगले, तू शिकलेली आहेस, तूच सांग. गिऱ्हाइकाच्या कागदावर पाय सरळ आहेत. ते आत घ्यायचं काही कारण आहे का?"

मेस्त्रीही माझ्याकडे बघत होते.

"नाही सर," मी म्हणाले.

मेस्त्रींचं अडतीस वर्षांचं काम पाच मिनिटांत आवरलं. हत्यारांची पेटी त्यांनी सायकलला बांधली. विलास ती उचलायला धावला आणि त्या दिवसानंतर महिनाभर माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलला नाही. मी पाय सरळ केले. शनिवारी फाइल पुण्याला गेली.

दहा दिवसांनी चकचकीत पॅटर्न आला. पहिले सहा चिमटे ओतले, वाळू झाडली, थंड झाल्यावर मोजले. सहाच्या सहांचे पाय टोकाशी बाहेर फाकलेले होते. गिऱ्हाइकाचा माणूस आपला मापाचा ठोकळा घेऊन आला होता. त्याने तो दोन पायांमध्ये ठेवला, तो आत खुळखुळत राहिला. त्याने ठोकळा पिशवीत टाकला.

"पुण्यावाल्यांनी घोळ केला का?" धाकट्या मालकांनी मला विचारलं.

"बघते सर."

मला बघायचं काही नव्हतं. लॅपटॉप जुन्या फाइलची एक नक्कल आपोआप ठेवतो. तिच्यात मेस्त्रींनी त्या गुरुवारी आत ओढलेले पाय तसेच होते, एकेक दोन मिलिमीटर. मी ते उचलले, नव्या फाइलमध्ये घातले आणि "थोडी सुधारणा केली आहे" म्हणून पुण्याला पाठवले. दुसरा पॅटर्न आला. ओतला. फाकणं कमी झालं, पण गेलं नाही. ठोकळा अजून हलत होता. जुन्या चिमट्यावरून त्रैराशिक मांडलं तर भलताच आकडा आला.

"सोमवारी गिऱ्हाइकाचे लोक शेवटचं बघणार आहेत," धाकटे मालक म्हणाले. "त्यानंतर त्यांचं काम बेळगावला जाईल. तुझं काय करायचं ते मग बघू."

रविवारी सकाळी मी मेस्त्रींच्या घरी गेले. उचगावात शाळेमागे दोन खोल्यांचं घर होतं. ते अंगणात बसून कुणाच्या तरी पाळण्याला कड घालत होते. मला वाटलं होतं हाकलून देतील. त्यांनी आत बघून आवाज दिला, "अगं, च्या टाक. हापिसातली पोरगी आलीया."

मी उभीच होते. "मेस्त्री, पाय बाहेर जातात."

"जाणारच." त्यांनी रंधा खाली ठेवला. "किती घेतलं आत?"

"दोन. तुम्ही गुरुवारी ओढले होते तेवढेच."

"माझं कुठं झालं हुतं? रोज जरा जरा वडायचो. अर्ध्या तासात हात थरथराया लागायचा. आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर पाय परत सरळ. मला वाटायचं, यंत्राचीच खोड हाय. आपूनच सरळ करून घेतंय. म्हणून पुन्यांदा वडायचो."

पाय सरळ मी करते आहे, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मी खाली बसले.

"हिकडं ये," म्हणून त्यांनी पाण्याची कळशी माझ्यासमोर ठेवली. "दोन्ही हातांनी कवळ हिला. आता खांदं आवळून घे. अजून. हात कुठं जात्यात?"

खांदे आत आले, पण मधे कळशी होती. माझे पंजे तिच्या पोटावरून घसरून बाहेर गेले.

"लोखंड थंड होताना आवळतंय. मधी वाळू हाय, ती पायास्नी आत येऊ देत न्हाई. मग ती फाकत्यात. म्हणून आधीच आत घेऊन ठेवायची. फाकली की बरोबर सरळ हुत्यात." ते कळशीकडे बघत राहिले. "तीन आठवडं इचार करालोय, मालकास्नी कसं सांगायचं हुतं. परवा नातीनं ही कळशी कवळली आणि सुचलं. त्या दिवशी सुचलं असतं तर..."

आतून चहा आला. त्यांनी बशी माझ्यापुढे सरकवली आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे रोखून बघितलं. त्यांच्या नजरेत असं काही मी आधी पाहिलं नव्हतं. मला ते ओळखू आलं, कारण गेला महिनाभर मी सगळ्यांकडे तसंच बघत होते.

"एक इचारू? तू शिकलेली हाईस. मालकांनी तुला इचारलं, तवा तुला हे ठावं हुतं का गं?"

"नाही मेस्त्री. आईशप्पथ, माहीत नव्हतं."

ती नजर लगेच निवळली. "मग तुझा काय दोष? मला अडतीस वर्सं करून सांगता येईना, तू तर लेकरू." त्यांनी बोटाने जमिनीवर चिमटा काढला. "ह्याचा पाया जाड हाय. तीन घे. तिनाच्या वर गुंजभर."

मला माहीत होतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी ते आम्हाला होतं. पॅटर्न करताना कोणकोणती सूट ठेवावी लागते. त्यात शेवटची, थंड होताना आकार वाकतो म्हणून पॅटर्न आधीच उलटा वाकवून ठेवायचा. यू आकाराचंच उदाहरण होतं, आकृतीसकट. चार मार्कांना आलं होतं आणि मी चारही मिळवले होते. दोन महिने वाकड्या रेघा सरळ करताना ते मला एकदाही आठवलं नाही, हे खरं. पण मेस्त्रींनी हात पुढे धरून 'बाहीर जात्यात' म्हटलं, त्या क्षणी ते पान त्याच्या आकृतीसकट माझ्यासमोर उभं राहिलं. हो म्हटलं असतं तर दोन महिने मी चांगल्या कामाची वाट लावत होते असं झालं असतं. सहा महिने कच्च्या असलेल्या मुलीची किंमत काय, हे मालकांनी तिथेच ठरवलं असतं. मी मेस्त्रींच्या डोळ्यांत बघत 'नाही सर' म्हणाले होते. आणि आता त्यांच्याच अंगणात, त्यांचाच चहा पीत, आईची शपथ घेतली होती.

सोमवारी गिऱ्हाइकाच्या माणसाला हातापाया पडून आणखी आठ दिवस मागून घेतले. तिनाच्या वर थोडं घेतलं. पॅटर्न आला, चिमटे ओतले, ठोकळा दोन पायांमध्ये अलगद जाऊन बसला. धाकट्या मालकांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. "अगं, हा आकडा काढलास कुठून?"

मेस्त्रींचं नाव घ्यायला तेवढा एकच श्वास पुरला असता. विलास शेजारीच उभा होता आणि माझ्याकडे बघत होता.

"पुस्तकातून, सर," मी म्हणाले.

मी पक्की झाले. ती फाउंड्री सोडून मला आता बारा वर्षं झाली. हाताखाली पाच पोरं आहेत आणि वाकणाऱ्या भागांचं काम आलं की लोक माझं नाव सुचवतात. गुंडू मेस्त्रींना पुन्हा कुणी बोलावलं नाही. ते पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे. त्यात त्या विषयावर सात ओळी आहेत आणि एक आकृती. आकडा एकही नाही.